बिरूअण्णांनी उलगडलेला ट्रान्सफॉर्मर

बारावीला ट्रान्सफॉर्मर शिकवताना मी दरवर्षी एक प्रश्न विचारतो. एकशे वीस व्होल्टचं यंत्र आपल्या दोनशे तीसच्या प्लगात लावलं तर काय होईल? पोरं एका सुरात ओरडतात, "जळेल!" यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं उलट विचारलं, "पण सर, यंत्रावर लिहिलेलं असताना असं करेल कोण?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो, आणि उरलेला तास फळ्याकडे तोंड करून काढला. असं करणारा माणूस हातात खडू घेऊन तिच्यासमोरच उभा होता. त्याची शिक्षा मात्र दुसऱ्यानं भोगली. बिरूअण्णांनी.

बिरूअण्णा सांगलीजवळच्या माधवनगरात मोटरी भरायचे. विहिरीवरची मोटर असो, घरातला मिक्सर असो, आतली तार जळली की ती काढून नवी गुंडाळायची, याला आमच्याकडे 'भरणं' म्हणतात. मूळचे कर्नाटकच्या सीमेवरच्या जतकडचे. मिसरूड फुटेपर्यंत बापाच्या मेंढरांमागं हिंडले, मग इथल्या मिलमध्ये लागले, मिल बंद पडल्यावर रस्त्याकडेला एका खोलीत दुकान टाकलं. उंच, काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी आणि चष्मे दोन. एक नाकावर, एक कपाळावर. "ह्यो तारेचा, ह्यो माणसांचा," असं सांगायचे. गिऱ्हाईक आलं की तारेचा वर जायचा, माणसांचा खाली यायचा. नको असलेलं गिऱ्हाईक आलं तर अदलाबदल करायचेच नाहीत. तारेच्या चष्म्यातनं त्याच्याकडे बघत बसायचे, म्हणजे समोरच्याला आपण अस्पष्ट झाल्यासारखं वाटून तो निघून जायचा!

माझी त्यांची गाठ पडली ती गिटारच्या अँप्लिफायरपायी. मी मूळचा साताऱ्याचा, नोकरी सांगलीत. साताऱ्यात आम्हा चार कॉलेजमित्रांचा हौशी बँड आहे. हळदीला, रिसेप्शनला जुनी गाणी वाजवतो. माझे दाजी अमेरिकेतनं कायमचे परत आले तेव्हा त्यांनी तिकडं वापरलेला अँप मला दिला. जुन्या घडणीचा, आत काचेचे व्हॉल्व्ह, चालू केला की हळूहळू लालसर उजळायचे. मी तर त्याच्या प्रेमातच पडलो. तो घेऊन अण्णांकडे गेलो आणि म्हटलं, "अण्णा, ह्याला आपली पिन बसवून द्या."

अण्णांनी पिनेला हातसुद्धा लावला नाही. चष्मा बदलला, अँपच्या मागं जाऊन उकिडवे बसले आणि पाटीवरून बोट फिरवत एकेक अक्षर लावलं. मग म्हणाले, "एकशे ईस. हे इथलं जनावर न्हवं, साहेब. पिन बदलायची न्हाई. ही चपटी पिन आपल्या भोकात बसत न्हाई, तवर ह्येचा जीव शाबूत हाय."

"पण जरा वेळ चालवलं तर?"

"मेंढरं राखलीयात कवा?" त्यांनी विचारलं. "उपाशी मेंढरू ओल्या लसूणघासात सोडा. असं खातंय, असं खातंय, बघणाऱ्याला वाटतं काय खुशीत हाय! घटकाभरात पोट फुगतंय आन् चारी पाय वर. ह्येला दोनशे तीस दिलं की तसंच. आधी लय खुशीत वाजंल."

आता मला गप्प बसायला काय झालं होतं? पण नाही. मी जरा तोऱ्यातच म्हणालो, "मला माहितीये अण्णा. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो."

अण्णांनी टोपी काढली. खरंच काढली. "आगं बाबौ! आन् मी तुमाला शिकवायलोय व्हय येड्यावानी! सर, चुकलं असंल तर सांगा हां." त्या दिवसापासून मी 'सर' झालो. दुकानात कुणी काही विचारलं की म्हणायचे, "थांबा, सर येणार हायत, त्यास्नी इचारू." चौथी शिकलेला माणूस, पण कुठल्या मोटरीला किती फेरे लागतात ते हाताच्या वजनावर सांगायचा, आणि तो मला विचारणार! मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगतो, मला आवडायचं.

अण्णांनी त्या अँपसाठी स्वतःच्या हातानं ट्रान्सफॉर्मर बनवला. आपले दोनशे तीस घ्यायचे आणि अँपला एकशे वीस द्यायचे, एवढंच त्याचं काम. त्याला चपट्या पिनेचं भोकही त्यांनीच करून बसवलं. तार गुंडाळताना ते फेरे मोजायचे, तेही कन्नडात. "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु..." मी विचारलं, मराठीत का नाही मोजत? म्हणाले, "मराठीत मोजलं की इथं समद्यास्नी कळतं कितीवर आलोय, मग बोलत्यात मधीच. कन्नडात मोजलं की लोकास्नी वाटतं मंत्र चाललाय. गप बसत्यात." आणि खरंच बसायचे. एकदा एक पुढारी मोटर घेऊन आला. अण्णांनी डावा हात वर करून त्याला थोपवला आणि उजव्यानं हँडल फिरवत राहिले. पाऊण तास! पुढाऱ्याबरोबरच्या माणसानं आवाज चढवला तर आतनं काशव्वाकाकू, अण्णांची बायको, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आवं, ओरडू नगासा. फेरा चुकला तर पुना पयल्यापासनं मोजत्यात." पुढारी बिचारा पायरीवर बसून राहिला. शेवटचा फेरा झाल्यावर अण्णांनी गाठ मारली, चष्मा बदलला आणि अतिशय गोड आवाजात म्हणाले, "हां, बोला."

दुकानातलं काम परत आलं असं कधी झालं नाही. पावती नाही, गॅरंटी नाही, काही नाही. "तार खोटं बोलत न्हाई. माणसानं हात राखून गुंडाळलं तरच ती जळती," हे त्यांचं एक वाक्य. दुसरं वाक्य, ट्रान्सफॉर्मर माझ्या हातात देताना म्हटलेलं, "ही जोडी फोडू नगासा सर. पेटी जाईल तिथं ह्यो जाईल." मी म्हटलं, "शब्द देतो."

सांगलीत आमचा पहिला कार्यक्रम झाला तेव्हा अण्णा आणि काकू मुद्दाम आले. पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्च्या ठेवल्या होत्या. काकू बसल्या. अण्णा कुठायत म्हणून बघतो तर रंगमंचावर, अँपच्या मागं, जमिनीवर मांडी घालून! दोन तास त्यांचा तळहात ट्रान्सफॉर्मरवर. तापतोय का बघत होते. लोकांना वाटलं हाही बँडमधलाच कुणी. कार्यक्रमानंतर मी विचारलं, "कसं वाटलं?" तर म्हणाले, "तुमी वाजवलं ते काय मला कळलं न्हाई सर, पर मागं जी घूं असती ना, ती एकदम बारीक हुती. झ्याक!" आमचा ड्रम वाजवणारा सच्या, साताऱ्यात ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो, तो अण्णांच्या पायाच पडला. म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपलं मागनं ऐकलं."

आता ती गोष्ट सांगतो. सांगायचीच आहे, तर तोंड लपवून काय उपयोग?

रहिमतपूरला हळदीचा कार्यक्रम होता, सकाळी अकराचा. मी सांगलीहून परस्पर गाडीनं गेलो. अँप घेतला. ट्रान्सफॉर्मर सात-आठ किलोचं धूड, तो घराच्या दारात ठेवला आणि चपला घालायच्या गडबडीत तिथंच राहिला. रहिमतपुरात पोचल्यावर डिकी उघडली आणि डोक्यात प्रकाश पडला. पाहुणे दारात, नवरीचा मामा घाई करतोय. मांडववाल्याचा बोर्ड होता, त्यात म्हणे जगातली कुठलीही पिन बसते. तो म्हणाला, "लावा की साहेब, बसतीया." अँपवरची पाटी मला पाठ होती. वर्गात मी हेच शिकवतो. तरी लावली. एखादा तास ओढेल, असं वाटलं. का वाटलं, ते आजही सांगता येत नाही.

पहिल्याच क्षणी फ्यूज उडाला. फ्यूजनं आपलं काम चोख केलं होतं. तो मला सांगत होता की बाबा रे, थांब. आणि मी, फिजिक्सचा मास्तर, च्युइंगगमच्या वेष्टनाची चांदी गुंडाळून तोच फ्यूज परत आत सारला. सच्या म्हणाला, "आरं लेका, काय करतोयस?" मी म्हटलं, "मला शिकवू नकोस." मग अँप वाजला. काय वाजला म्हणून सांगू! असा आवाज मी त्यातनं कधी ऐकला नव्हता. हळदीतल्या बायका वळून बघायला लागल्या. मी मान डोलावत वाजवतोय, आणि दोन मिनिटांत मागनं डांबर जळल्यासारखा वास, मग धूर, मग 'फट्' आणि सगळं शांत. नवरीच्या मामानं बादलीभर पाणी आणलं होतं, ते सच्यानं अडवलं म्हणून बरं.

दुसऱ्या दिवशी अँप घेऊन अण्णांकडे गेलो. त्याआधी घरी फ्यूजवरची चांदी खरवडून काढली आणि कचऱ्यात टाकली. म्हणजे मी चूक करून बसलो आणि घाबरलो, इतकं साधं ते नव्हतं. पुरावा नाहीसा करून गेलो होतो मी.

अण्णांनी अँप उघडला. बराच वेळ बघत राहिले. "ह्येला जास्त गेलंय," ते हळूच म्हणाले. "लय जास्त. पुरी लाईन गेलीया आत." मग माणसांचा चष्मा खाली घेऊन माझ्याकडे बघितलं. "सर, पिन कशाला लावली हुती?"

संशय नव्हता त्या विचारण्यात. डॉक्टर विचारतो ना, काल काय खाल्लं, तसं. दुकानात आणखी दोन माणसं बसली होती. एकाचा मुलगा माझ्या वर्गात होता.

मी म्हणालो, "तुमच्याच ट्रान्सफॉर्मरला."

बस्स. दोन शब्द. याहून जास्त मी खोटं बोललो नाही, आणि याहून जास्त बोलायची गरजही पडली नाही. अण्णांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी मालवलं. "मग माझ्यातनंच गेलं," ते म्हणाले. "उद्या घिऊन या त्येला."

नेला. त्यांनी मीटर लावला, एकशे वीस दाखवलं. परत लावला, परत एकशे वीस. मला वाटलं, सुटलो. आता म्हणतील, हा तर ठीक आहे. पण अण्णा मान हलवत म्हणाले, "थंड हाय तवर बरोबर दावतंय. तापल्यावर आत कुटंतरी तारेला तार चिकटत असणार. कुटंतरी कागद फाटलाय, न्हाईतर वार्निश खरडलंय माझ्या हातनं." आणि त्यांनी ट्रान्सफॉर्मर खोलायला घेतला.

लोखंडी पत्त्या एकेक करून काढल्या, मग तार उलटी उलगडायला लागले. त्याच लयीत, त्याच मंत्रात. प्रत्येक फेरा तारेच्या चष्म्यासमोर धरायचे, अंगठ्यानं चाचपायचे, खाली सोडायचे. मी समोर स्टुलावर. जमिनीवर तांब्याचा ढीग वाढत चाललेला. पहिल्या थराला तोंड उघडलं असतं तरी चाललं असतं. दुसऱ्या थरालाही. पण जसजसा ढीग वाढला तसं बोलणं अवघड होत गेलं, कारण मग विचारलं असतं ना, इतका वेळ का गप्प बसला होता? काकूंनी चहा आणून ठेवला. मी तो प्यायलो. माझ्याच्यानं प्यायला गेला, याचंच मला आज नवल वाटतं.

शेवटचा थर निघाला. खाली बॉबिनला चिकटवलेला कागद होता, त्यावर बॉलपेननं, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं: 'सरांचा. हळू हातानं भरणे.' स्वतःला सूचना दिली होती त्यांनी, काम सुरू करताना.

कुठं काही सापडलं नव्हतं. कागद शाबूत, वार्निश सलग, फेरे पुरे. अण्णांनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, परत घातला. मग काकूंना हाक मारून म्हणाले, "काशे, खोट तर हाय. मला दिसंना झालीया."

त्यांच्या मनानं घेतलं ते घेतलंच. डोळ्यांच्या डॉक्टरकडं मीच घेऊन गेलो, स्वतःच्या गाडीनं, कसली माझी ती सेवा! डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं नजर उत्तम आहे. बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "त्यानं भिंतीवरची अक्षरं दावली. तार कुटं दावली?" पुढं पुढं मोटरी घेणं कमी केलं. आलेलं गिऱ्हाईक सांगलीला धाडायचे. म्हणायचे, "कुणाच्या विहिरीवर माणूस चिकटला म्हंजे? सरांची नुसती पेटी गेली, म्हणून निभावलं." दिवाळीनंतर दुकान बंद केलं आणि नवराबायको जतकडं, भावाच्या वस्तीवर राहायला गेली.

सच्या फोनवर मला शिव्या द्यायचा. "सांगून टाक की लेका! म्हातारा झुरून मरंल." मी म्हणायचो, सांगतो. परीक्षा झाली की सांगतो. सुट्टी लागली की सांगतो. दीड वर्ष गेलं. मग त्या मुलीनं वर्गात तो प्रश्न विचारला, आणि त्याच रविवारी मी जतची एसटी पकडली.

वस्तीवर अण्णा कोकरांच्या कुडाजवळ बसले होते. एका कोकराला बाटलीनं दूध पाजत होते. कपाळावर दुसरा चष्मा नव्हता. मला बघून इतका आनंद झाला त्यांना! "सर! आवं, एवढ्या लांब? काशे, कोण आलंय बघ!" काकूंनी तांब्या-भांडं दिलं. मी पाणीसुद्धा न पिता सांगायला सुरुवात केली. एकदा थांबलो तर परत जमणार नाही, हे मला ठाऊक होतं. रहिमतपूर, मांडववाल्याचा बोर्ड, फ्यूज, चांदी, सगळं. "तुमचा ट्रान्सफॉर्मर माझ्या घराच्या दारात होता, अण्णा. तुमची खोट नव्हतीच. मी खोटं बोललो."

अण्णा ऐकत होते. कोकराच्या तोंडातली बाटली हलू दिली नाही. माझं संपल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि हसले. अगदी मायेनं हसले.

"सर," ते म्हणाले, "माझं मन राखायला एवढ्या उन्हात आलासा."

"नाही अण्णा! खरंच सांगतोय. शपथ घेऊ?"

"शपत कशाला घेतासा खोटी? फ्यूजला चांदी लावतंय ते अडाणी पोरगं. तुमी बारावीला शिकवतासा. मी सांगायच्या आधी तुमाला म्हाईत हुतं. तुमी असं कराल व्हय?"

मी सच्याला फोन लावला, आवाज मोठा केला. सच्या म्हणाला, "अण्णा, ह्यानंच लावली. मी तिथंच हुतो, माझ्या डोळ्यांदेखत." अण्णा फोनवर वाकून म्हणाले, "सचिनराव, तुमास्नी बी सरांनी पढवून ठिवलंय व्हय? बरं हाय न्हवं साताऱ्यात समदं?" मी चिडलो. हो, चिडलो! मी त्यांच्यावर ओरडलो की अण्णा, तुम्ही ऐकत का नाही. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "राहू द्या. चूक व्हती माणसाची. माझी झाली. तुमी आता मनाला लावून घिऊ नगासा."

निघताना काकू कुडापर्यंत आल्या. अण्णा टोपी आणायला आत गेले होते. काकूंनी माझ्याकडं सरळ बघितलं. "मला पटलं," त्या म्हणाल्या. "तवाच चहा देताना तुमच्या तोंडाकडं बघून मला वाटलं हुतं. आता मी बी सांगितलं तरी ह्यो माणूस ऐकायचा न्हाई." परत या असं मात्र म्हणाल्या नाहीत.

अण्णा मला फाट्यापर्यंत सोडायला आले. वाटेत खड्डा आला की माझा दंड धरून म्हणायचे, "संभाळून सर." खड्डा त्यांना माझ्याआधी दिसत होता. फाट्यावर टँकरची वाट बघत चार-पाच माणसं घागरी घेऊन बसली होती. एसटी लांबून दिसली तशी अण्णांनी माझी पिशवी माझ्या खांद्याला अडकवली. मी चढलो, खिडकीशी बसलो. गाडी सुटता सुटता त्यांचा आवाज आला, मला नव्हे, त्या घागरीवाल्यांना सांगत होते:

"हे आमचं सांगलीचं सर. लय मोठ्या मनाचा माणूस. माझी चूक सोताच्या अंगावर घ्यायला आलं हुतं."

माणसं उठून उभी राहिली आणि त्यांनी मला हात जोडले.